दोरी

दर वर्षी मॉक ड्रिलला
झोकरकरच मरायचा.
सामानाच्या पट्ट्यावरचा माणूस, पोट सुटलेलं,
पण त्याच्यासारखं निपचित पडणं कुणाला जमायचं नाही.
छातीवर काळी चिठ्ठी, मनगटाला दोरी,
तापल्या काँक्रीटवर अर्धा तास.
शिट्टी झाली की उठून पाठ झाडायचा
आणि पोह्यांच्या रांगेत पहिला :
"मेलेल्याला तरी जिरावन जास्त टाक, भिया."

आराखडा मी लिहिलेला. एकशे बारा पानं, निळं बाइंडिंग.
पान सत्तर : सहा तासांत पहिलं उड्डाण.
का सहा, ते आता आठवत नाही.
पाच कमी वाटले असतील.

मंगळवारी पहाटे चार वाजून अकरा मिनिटांनी
आगमनाच्या काचा पार्किंगपर्यंत गेल्या.
बिजासन टेकडीवरची कुत्री गप्प झाली,
मग सगळी एकदम भुंकू लागली.

बरंच काही जमलं, हे सांगायला हवं.
जनरेटर वेळेवर लागला.
उतरायला आलेलं विमान भोपाळला वळवलं.
फलक बंद, म्हणून नसरीनने पांढऱ्या बोर्डावर
हाताने उड्डाणं लिहिली,
'विलंब' अठरा वेळा,
दर वेळी तितक्याच सुवाच्य अक्षरात.

झोकरकर जिवंत होता.
पट्ट्यामागच्या खांबाआड, कानांत घणघण घेऊन.
चिठ्ठ्यांचा गठ्ठा मी त्याच्याच हातात दिला,
दुसरं कोणी उभं नव्हतं.
लाल, पिवळ्या, हिरव्या. काळ्या वेगळ्या.
तो एकेकापाशी गुडघ्यावर बसत गेला.
मी ओरडले, "नुसती गाठ मारा, झोकरकर, पुढे चला!"
तो प्रत्येक मनगटावर
दोरीखाली आपलं बोट सरकवून बघत होता,
सैल आहे ना.
काळ्या चिठ्ठीच्यासुद्धा.
मान वर न करता म्हणाला,
"काचते, मॅडम. तुम्ही कधी बांधली नाही."

दहा वाजून तीन मिनिटांनी पुण्याचं विमान उडालं.
एकोणीस प्रवासी. सामान बहुतेकांचं मागेच.
आठ मिनिटं राखून.
कुणीतरी सवयीने पोहे मागवले होते,
रांग लागली नाही.

आता अहवालाचा तक्ता समोर आहे,
दिल्लीला शुक्रवारपर्यंत हवा.
काय जमलं : पानभर.
काय चुकलं : तेही पानभर, वकिलाला दाखवून.
सुधारणा, या रकान्यात
दोन दिवस काही सुचत नव्हतं.
आज एवढंच लिहिलंय :
दोरी चार बोटं लांब हवी.