अर्ध्या तासाचं आभाळ

पूर्वी आम्ही लिहायचो :
'भंडारा जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार.'
डोमाजीमामा विचारायचा,
"तुरळक म्हंजे कोनाच्या बांदीत, बाई?"

आता दर दहा मिनिटांनी पडद्यावर नवं चित्र येतं.
मागचा लाल डाग किती सरकला, कुणीकडे,
ते मोजायचं आणि पुढे ओढायचं.
बैलाची चाल पाहून सांगावं
गाडी शिवेत कधी शिरेल, तसं.
फक्त हा बैल वाटेतच
दुप्पट होतो
किंवा विरून जातो.

नागपूरहून निघालेला किरण
आमच्या तलावावरून जातो तेव्हा दीड किलोमीटर उंच असतो.
खाली काय चाललंय, त्याला कळत नाही.
खाली मामा असतो,
अंगणात पर्जन्यमापक, खुंटीला टॉर्च.

पहिल्या वर्षी मी त्याला उगाच पाळीवर पाठवलं.
उंचावर बर्फ वितळत होता,
आणि वितळता बर्फ रडारला
पाण्याहून मोठा दिसतो.
खाली नुसती झिमझिम.
"लोकायले सांगतो," तो म्हणाला,
"बरफ पाहाले गेलतो."

यंदा पोळ्याच्या आदल्या रात्री
साकोलीकडे दोन डाग एकमेकांत शिरले.
एक वाजून चाळीस मिनिटं.
"चांदण्या दिसून राह्यल्या," मामा म्हणाला.
पस्तीस मिनिटं, मामा.
तो काही बोलला नाही.
चपला शोधल्याचा आवाज.
मग फुलवंता मारबतेचं दार,
मग सलंगाखालची सगळीच दारं,
मग तुडुमाचा दांडा ओढताना
कुणाचा तरी दम लागलेला श्वास.

दोन वाजून वीस.
फोनमध्ये फक्त पाऊस.
माझ्या खिडकीबाहेर
रस्त्यावरचा दिवा कोरडा ठक्क.

सकाळी त्यानं आकडा कळवला.
काचनळी पाच वेळा काठोकाठ,
सहाव्यांदा दोन रेघा कमी.
एकशे अठरा.
पडद्यानं सत्तर म्हटलं होतं.

मी त्याचा आकडा भरला.
सूत्रातला एक गुणक जरासा हलला,
त्या पट्ट्यातला लाल
आता अधिक गडद उमटेल.

"मशिनीले सांगतलं का माह्या नळीचं?"
सांगितलं.
"काय म्हन्ली?"
मी शब्द जुळवत होते, तोवर तोच म्हणाला,
"थांब बाई, पुन्हा भरून राह्यलं.
भांडं रिकामं करून येतो."