टोकन सत्तेचाळीस

नवतप्याचा तिसरा दिवस. बाहेर जेवढं ऊन
तेवढाच माझा नंबर.
शेजारची बाई टोकन पाहून हसली,
"भाऊ, तुमच्या कागदालेई ताप आला का?"

मी पिशवी मांडीवर घट्ट धरून.
आत आधार, पॅन, दोन फोटो,
एकात मिशी आहे, एकात नाही,
आणि जिल्हा न्यायालयाचा चार घड्यांचा हुकूम,
ज्यात माझं नाव वडिलांसकट पूर्ण
आणि पुढे एक शब्द: नादार.

बावीस उन्हाळे कूलर केले मी.
पत्रा कापला, वाकवला, रिबिटा मारल्या,
वुडवूल पिंजून ताट्या भरल्या.
तांडापेठेतल्या लग्नांत नवरदेवाच्या आधी
माझे कूलर मंडपात पोचत.
मग लागोपाठ दोन उन्हाळे शहराला कुलूप,
गोदामात एकशे चाळीस नग, कोरडे.
तिसऱ्या उन्हाळ्यात लोकांनी हप्त्यावर एसी घेतले.
दोष देत नाही. माझ्या साडभावानंही घेतला.

कोर्टात यादी दिली, कोणाचं किती देणं:
लकडगंजचा पत्रेवाला, जरीपटक्याचा मोटरवाला,
बँक,
आणि बायकोच्या भिशीतल्या सात बाया.
वकील म्हणाले, भिशी लिहू नका.
मी लिहिली.
कायद्यानं मला काय ठेवलं, तेही टाइप करून मिळालं:
अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी,
कारागिराची हत्यारं.
म्हणजे पाना, पक्कड, कातर.
मंगळसूत्राची ओळ वेगळी होती.

जुन्या बँकेत पहिला पगार पडला, अकरा हजार.
दोनला आला, तीनला नव्हता.
"कर्जात वळता झाला," साहेब म्हणाले, आवाज न चढवता.
वळता.
संध्याकाळी बैल वळतो
सवयीच्या गोठ्याकडे, तसा.

मग रिसीव्हर नंदनवारांनीच सांगितलं,
"जिथं तुमचं देणं नाही तिथं खातं उघडा.
लपवू नका. दर महिन्याला पासबुक दाखवत जा."
लेकीचं प्रगतिपुस्तक कधी एवढ्या नेमानं
मी पाहिलं नव्हतं.

"व्यवसाय?" काउंटरवरची मुलगी.
"कूलर," म्हटलं, आणि थांबलो.
"नोकरी. कूलर दुरुस्ती. वाठोड्याला."
तिनं हुकूम दोनदा वाचला,
काचेच्या केबिनमध्ये नेला.
काचेतून दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी कोपऱ्यातला कूलर ऐकत होतो.
पंप पाणी ओढत नव्हता,
पंखा नुसता गरम हवा फेकत होता.
डाव्या पायाचा तो गाठाळ वेल्डिंगचा टाका
कुठंही ओळखीन. सोळा सालचा.
नाव गंजून गेलेलं,
खालचा फोन नंबर शाबूत,
जो आता माझा नाही.

"होईल काका. पण चेकबुक नाही, उधारीचं काही नाही.
फक्त भरायचं अन् काढायचं."
"तेवढंच पाहिजे, बाई."
वारसाच्या रकान्यात पेन अडलं.
मी कोणासाठी काय ठेवून जाणार?
"नाव लिहा," ती म्हणाली, "रक्कम नाही विचारली त्यांनी."
लिहिलं: मृणाली, नातं मुलगी.

मशीननं पासबुकाचं पान ओढलं, चावलं, परत दिलं.
जमा दोनशे. शिल्लक दोनशे.
ओळ जरा तिरपी आली होती.

निघताना चपराशाला म्हटलं,
"पंपाची जाळी काढून टाचणीनं साफ करा. शेवाळ बसलंय."
"तुमाले कसं मालूम?"
"आवाजावरून."

स्कूटीची सीट इतकी पोळत होती
की पासबुक खाली अंथरून बसलो.