वरचे नऊ महिने

काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट
मशीनवर घासला नाही, उजेडाकडे धरला नाही.
नुसतं फोटोचं पान वाचलं, बोटांवर काही मोजलं
आणि शेजारच्या मुलीला हाक मारली.
मग दोघींनी मिळून मोजलं.
तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"मिस्टर पार्चुअर," ती म्हणाली (परचुरे, बाई, परचुरे),
"मुदत फेब्रुवारीपर्यंत आहे.
आणि नाहीसुद्धा."

रेडिंगच्या बस डेपोत तीस वर्षं हिशेब तपासले.
आहे आणि नाही
एका रकान्यात मांडू दिलं नाही कुणाला.

तिने समजावलं, पोराला भागाकार समजावतात तसं:
जुना संपायच्या नऊ महिने आधीच
मी नवा करून घेतला होता ना,
म्हणून ते उरलेले नऊ
इथल्या सरकारने नव्यात भरून दिले.
वेळेत आलेल्या माणसाला बक्षीस.
इथे ते चालतात.
नॉर्वे मात्र दहाच वर्षं धरतो, दिल्या तारखेपासून,
वरचं काही जमेत घेत नाही.
आणि माझी दहा वर्षं
मागच्या महिन्यातच भरली होती, चौदा मे-ला.
मी त्या दिवशी परसात
वाटाण्याच्या वेलांना काठ्या बांधत होतो.

नऊ महिने.
तेवढ्यात अख्खं माणूस होतं, नखांसकट.

कुंदाचा चालला.
कुंदाचा, जो संपून दीड वर्ष
शिवणाच्या डब्यात पडला होता
बटणांखाली, मोजपट्टीच्या वेटोळ्यात.
रोज म्हणायचो, अगं कर, अचानक जायची वेळ आली तर?
आली. सांगलीहून फोन आला पहाटे.
तिची आई गेली आणि ती पोचली नाही.
त्या दिवशी स्वयंपाकघरात उभा राहून मी म्हणालो होतो,
"मी सांगत होतो."
एवढंच. तीन शब्द. खरे होते.
त्यानंतर तिने केलेला तो पासपोर्ट,
उशिरा केलेला, म्हणून अजून जिवंत.

आता ती म्हणेल, मला वाटलं.
मी फाइल छातीशी धरून उभा होतो,
प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, प्लास्टिकच्या खिशांत,
तिकिटं, विमा, दोघांच्या लशींची नोंद, जी कुणी मागितलीही नाही.
अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.
म्हणायला किती सोपं होतं.

ती म्हणाली, "तुमच्या गोळ्या कुठल्या बॅगेत?"

बॅग एकच होती, मोठी, तांबडी.
दारातच हमालाने चिठ्ठी लावून नेली होती.
माझे चार शर्ट, निळा स्वेटर, दाढीचं सामान
माझ्याआधी बोटीवर चढले होते.
गोळ्या नशिबाने कोटाच्या खिशात.

"मग मी जाते," कुंदा म्हणाली.
विचारलं नाही. भांडलीही नाही.
पंचेचाळीस वर्षांत एकटी कुठे गेली असेल
तर दाताच्या डॉक्टरकडे.
फिरत्या जिन्यावर कठडा घट्ट धरून वर गेली,
मागे वळली ती चष्म्याचं घर दाखवायला,
की आहे, घेतलंय.

मेफ्लॉवर पार्कात लोक चिप्स खात बोटी बघायला येतात.
साडेचारला ती हलली.
इतकी मोठी वस्तू आवाज न करता सरकते
हे मला माहीत नव्हतं.
अकरा मजले, खिडक्याच खिडक्या.
मी सगळ्यांनाच हात केला.
शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, कोण आहे वर?
म्हटलं, बायको. आणि माझे कपडे.

तिसऱ्या दिवशी फोटो आला:
मागे डोंगर, पाण्यापर्यंत उतरलेला,
पुढे कुंदा, बाह्या दोनदा दुमडलेल्या
निळ्या स्वेटरात.
खाली लिहिलं होतं:
गार आहे. तुमचा घातलाय.
वाटाण्याला पाणी घाला.