माफीचा साक्षीदार

सही करण्याआधी भूपाल मगदूमनं
पेन झटकलं, सवयीनं.
बावीस वर्षं आण्णांच्या सह्या त्यानंच केल्या,
आण्णांपेक्षा बऱ्या.

हळदीच्या कुठल्या पोत्यातून किती गेले,
कुणाच्या जिपेतून, मतदानाच्या आदल्या रात्री,
सगळं तोंडपाठ.
दिल्लीचा साहेब लिहून घेत होता,
मधेच विचारलं, ‘आण्णा’ म्हणजे भाऊ ना?

वकील म्हणाला, लगेच सुटका नाही हं,
पी हळद नि हो गोरी, असं नसतंय कोर्टात.

संध्याकाळी गणपती पेठेत
टपरीवाल्यानं चहा दिला.
पैसेही घेतले,
पहिल्यांदाच.

रात्री अकराला फोन. आण्णा.
‘जेवलास का रे?’
एवढंच.
भूपालच्या तोंडून सवयीनं गेलं,
‘व्हय. तुम्ही?’