अकरावं पोर्ट

गुरुवारच्या बाजारात, जुने टायर आणि मुंडकं नसलेल्या बाहुल्या यांच्यामधे
ऐंशी बोलिव्हियानोंना घेतला हा स्विच.
विकणारा म्हणाला, चालतो. मग म्हणाला, चालायचा.
मग म्हणाला, दोन-चार दिवे गेलेत, त्यांच्याकडे बघू नका.
मी तिन्ही ऐकलं, आणि तरी घेतला.

एल आल्तोत रात्री बादलीतलं पाणी गोठतं.
स्विचचा पंखा गरम हवा फेकतो,
म्हणून एलिसेओ अभ्यासाला माझ्या समोरच बसतो, तळपाय यंत्राला लावून.
त्याची चाचणी सोमवारी. माझी परीक्षा शनिवारी,
खाली ला पासमध्ये, फी भरलेली, परत न मिळणारी.
दिवसभर मी केबलकारच्या स्थानकात दाराशी उभी:
या, सावकाश, डोकं सांभाळा, पुढचा पाळणा येतोच आहे.
रात्री घरात दोन राउटर, एक स्विच,
आणि कुठेच न पोचणारं एक पॅकेट.

तीन रात्री.
पहिल्या रात्री वायरवर संशय. वायर बदलली.
दुसऱ्या रात्री स्वतःवर. मास्कमधला एक आकडा चुकलेला,
सापडला तेव्हा इतकी हरखले की चहा टाकला
आणि पिंग केलं.

. . . . .

टिंब म्हणजे हाक मारली, ओ आली नाही.
पुस्तक म्हणतं, खालून वर तपासत या, थराथरानं.
आले. सगळे थर संपले, वर फक्त पत्रा उरला.

यंत्र जुनं असेल तर आधी त्याची मेमरी पुसा,
असंही पुस्तक म्हणतं.
मी पुसली नव्हती. आळस म्हणा.
भाड्याच्या घरात गेल्या गेल्या
आधीच्यांचे खिळे कोण उपटत बसतं?

तिसऱ्या रात्री दोन वाजता ओळ न् ओळ वाचायला घेतली
ती कुठल्याशा पतसंस्थेची मेमरी.
यंत्राचं नाव: काउंटर दोन.
आणि अकराव्या पोर्टच्या वर्णनात, जिथे माझी वायर होती:
"दोन्या रेमेदियोसची खिडकी. वायर काढू नये."
त्याच्या खालच्याच ओळीत: शटडाउन.

रेमेदियोस निवृत्त झाली असेल.
पतसंस्था बुडाली असेल.
कुणीतरी सरळमार्गी माणसानं
सूचना तंतोतंत पाळून, वायरला हात न लावता,
दार आतून लावून घेतलं.
आणि मी तीन रात्री बाहेर,
विझलेल्या दिव्याला आंधळा समजून.

या यंत्राच्या भाषेत 'उघड' हा शब्द नाही.
मी शोधला, पानं उलटी-सुलटी केली.
आहे तो फक्त 'बंद',
आणि त्याच्याआधी लावायचा एक 'नको'.
दिवसभर दारं उघडणाऱ्या बाईला हे विचित्र वाटलं.
मग नाही वाटलं.
एलिसेओच्या बापाला मीही कधी 'ये' म्हटलं नाही.
दोन वर्षं फक्त कडी लावत नव्हते.

नो शटडाउन.

दिवा नारिंगी झाला.
तीस सेकंद नारिंगीच राहतो,
फिरून फिरून आपण आपल्याच दारात तर येत नाही ना,
एवढं बघून घेतो.
एलिसेओ झोपला होता, गाल ऑस्ट्रेलियावर.

मग हिरवा.

. ! ! ! !

पहिलं टिंब जातंच, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नसतं.
तेवढा वेळ शेजाऱ्याचं घर कुठलं, हे विचारण्यात जातो.
परीक्षेत हे विचारतात.

सगळं सेव्ह केलं, आमच्या गल्लीत विजेचा भरवसा नाही.
पोर्टच्या वर्णनात माझं नाव घालावं म्हणून
बोटं ठेवली होती कीबोर्डवर:
सातुर्निना चुकिमिया, स्वयंपाकघर.
राहू दे म्हटलं. वायर काढू नये, हे तर अजूनही खरंच आहे.

बाहेर पहिली मिनीबस आली,
दारात लोंबकळणारा पोरगा रिकाम्या रस्त्याला ओरडत होता,
सेहा, सेहा, सेहा.