हीट नंबर

शिरोलीच्या फाउंड्रीत मी कास्टिंग तपासते.
हातोडीची टिचकी मारली की चांगला तुकडा वाजतो,
चिरलेला भद्द बोलतो.
प्रत्येकाच्या अंगावर आकडा असतो, हीट नंबर:
कुठल्या दिवशीचा, कुठल्या भट्टीतला रस.
पार चेन्नईत जाऊन फुटलं तरी माग काढत माघारी येतं
आणि साहेब विचारतात, हे कुणी पास केलं?

फोनला टिचकी मारून काही कळत नाही.

राजारामपुरीत, गल्लीच्या तोंडाला,
रणधीर पोवारनं तो फडक्यानं पुसला,
नव्या कव्हरात घातला, खोक्यासकट माझ्या हातात ठेवला.
साडेसात हजार.
"कंडिशन एक नंबर, ताई. डॉक्टरनं वापरलाय."
आमच्या गावात जुनी गाडी, जुना फोन, जुनं कपाट,
सगळं डॉक्टरनंच वापरलेलं असतं.

बिलाच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात:
एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.
पाठीवर त्याच्या हातचं: ३ महिने वॉरंटी.
खाली सही, म्हशीच्या शेपटीसारखी.

एकोणिसाव्या दिवशी, सेकंड शिफ्टला,
पडद्यावर एक हिरवी रेघ उभी राहिली.
सुट्टी होईपर्यंत तीन झाल्या.
रात्री आईचा फोन वाजत राहिला
आणि कुठं दाबून उचलायचा तेच दिसेना.

"ती वॉरंटी बोर्डाची," रणधीर म्हणाला. "डिस्प्लेची नसती."
"इथं बोर्ड लिहिलेलं नाही."
"ताई, वापरलेल्या मालाला कागद नसतोय. भरोसा असतोय."
"मग तोच लिहून द्या."
तो हसला. दुकानातला पोरगाही हसला,
दुसऱ्या एका फोनला कव्हर घालता घालता.

सर्व्हिस सेंटरच्या मुलीनं पंधरा आकडे टाकले.
"कंपनीची वॉरंटी आहे की अजून. चौसष्ट दिवस.
पण मूळ बिल लागेल."
चौसष्ट दिवस.
माझ्या पर्समध्ये पडून होते, दुसऱ्याच कुणाच्या नावाचे.

खोक्यावर कुरिअरचा कागद, अर्धा फाडलेला.
उरलं होतं एवढंच: ...शाद मुजावर, कसबा बावडा.

बावड्यात तीन मुजावर निघाले.
तिसऱ्या दारात एक जण रिक्षाचा प्लग घासत बसलेला.
"डॉक्टर?" म्हटलं मी.
"कोण डॉक्टर?"
दिलशादनं फोन हातात घेतला आणि ओळखला,
मांडवाबाहेरच्या ढिगात आपण आपलं पायताण ओळखतो तसा.
"ही रेघ तवाच येत-जात हुती. पोवारला दावली मी.
त्यापायी बाराशे कापलं त्यानं."
रेशनकार्डाच्या पिशवीतून त्यानं दोन कागद काढले:
कंपनीचं बिल, आणि पोवारची पावती.
तेच अक्षर, तीच शेपटी.
डिस्प्ले लाईन, वजा १२००.

म्हणजे टिचकी मारली होती त्यानं.
भद्द ऐकलं होतं.
तरी पास केलं.

दिलशादची आई चहा घेऊन बाहेर आली.
"त्यात आमच्या नसीमचे फोटो हुते," म्हणाली. "हायेत का अजून?"
सगळं पुसूनच विकतात, हे मला ठाऊक होतं.
"बघतो," म्हटलं मी. आमच्याकडं बायकाही बघतो म्हणतात.
त्या शब्दाआड जरा उभं राहता आलं.

फोन सेंटरला दिला. पडदा फुकटात बसणार होता.
तरी सोमवारी पोवारच्या काचेवर
दोन्ही पावत्या शेजारी ठेवल्या, एकाच टाचणीत.
"हे बाराशे कुणाचे?"
तो स्वतःच्या सहीकडं बघत राहिला,
अनोळखी माणसाकडं बघावं तसा.
पोरगा कव्हर हातात धरून थांबला.
ग्राहक आयोगाचा अर्ज पर्समध्ये होता,
तो मी अजून काढलाही नव्हता.
रस्त्यानं केएमटी गेली, काच थरथरली.

"चहा सांगू?" रणधीर म्हणाला.
"सांगा," म्हटलं मी,
"आणि येईपर्यंत मोजा."