हाल

दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, सायकलच्या दुकानावर
आमची दोन टेबलं.
डेअरीचा सगळा हिशेब एकाच फाइलीत,
चार हजार एकशे ओळी,
सांबरेकरांनी लिहिलेल्या, आणि पुण्याला जाताना
"हात लावू नको, चालालंय"
एवढं सांगून सोडलेल्या.

गुरुसिद्ध हुक्केरीनं वर कुठंतरी लिहिलं: हाल.
त्याच्या घरी हाल म्हणजे दूध.
मी तीन हजाराच्या खाली कुठंतरी लिहिलं: हाल.
आजारी म्हशी किती, ते.
आमच्याकडं हाल म्हणजे हालच.

शेवटी लिहील त्याचं खरं,
असा त्या फाइलीचा कायदा.
सकाळी कडोलीच्या केंद्रावर
तीनशे बारा लिटर घालून
पावती आली तीन लिटरची.
"माझं हाल कुठं गेलं?" गुरुसिद्ध पडद्याला विचारत होता
आणि मला हसू आवरेना.

तेवढ्यात फोन. परशराम बोलालोय.
कुठला परशराम?
"कडोलीचा की! मुचंडीचा न्हवं."
फोन ठेवला तरी
ते वाक्य टेबलावरच राहिलं.

मग फाइल फोडली.
दुधाची खोली, गुरांच्या दवाखान्याची, पैशांची.
प्रत्येकीला उंबरा.
बाहेरच्यांना लागेल तेवढंच उंबऱ्यावर,
बाकी खाडाखोड, अर्धवट बेरजा,
सांबरेकरांना घातलेली माझी एक शिवी
आतल्या आत.
दुधाचं हाल. दवाखान्याचं हाल.
दोघं आपापल्या गावचे.

एवढ्यानं भागलं नाही.
पैशांना दुधाकडून लिटर हवे,
दुधाला पैशांकडून दर,
दोघी एकमेकींच्या दारात
आधी तू, आधी तू करत खोळंबलेल्या.
साडेसात वाजले.
दर तेवढा उचलून
तिसऱ्या छोट्या फाइलीत ठेवला,
तेव्हा कुठं कडोलीची पावती बरोबर निघाली.

रात्री जेवायला गुरुसिद्धकडं.
दार उघडून त्याची आई म्हणाली,
"बा."

आमच्या घरात बा म्हणजे वडील.
जाऊन अकरा वर्षं झाली.
तरी मी मागं वळून बघितलंच.
गल्लीत भिंतीला टेकवलेली एक सायकल,
दुसरं कोणी नाही.

"बा, वळग बा," ती पुन्हा म्हणाली,
ताटं मांडलेली दिसत होती.
मी चप्पल उंबऱ्याच्या अलीकडं काढली.